फोन सुरू होत नाही? लगेच ‘सॉफ्टवेअर मारू’ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागपुरातल्या बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, मोबाइल बाजारात दिवसभर कानावर पडणारे एक वाक्य आहे : ‘चालू नाही होत ना? सॉफ्टवेअर मारावं लागेल.’ म्हणजे फोनमधले मूळ सॉफ्टवेअर नव्याने भरावे लागेल. गिऱ्हाईक मान डोलावते. तासाभरात फोन सुरू होऊन हातात येतो. घरी गेल्यावर कळते, की मुलाच्या बारशाचे फोटो, वारलेल्या आईचा आवाज असलेले व्हॉट्सॲपचे मेसेज, दुकानाच्या उधारीची नोंद, सगळे पुसले गेले आहे. फोन दुरुस्त झाला, पण ज्यासाठी तो दुरुस्त करायचा होता ते गेले. यातल्या कित्येक फोनना सॉफ्टवेअर मारण्याची गरजच नव्हती. कुणाची बॅटरी उतरलेली होती, कुणाचे बटण अडकलेले होते, कुणाच्या चार्जिंग जॅकमध्ये कचरा होता. आम्ही दुरुस्तीच्याच कामातले आहोत, म्हणून दुकानात येण्याआधी घरी काय पाहावे आणि दुकानात आल्यावर काय विचारावे, हे आपल्या वृत्तपत्रातून सांगावेसे वाटते.

‘फोन सुरू होत नाही’ या एका वाक्यात निरनिराळी दुखणी दडलेली असतात. बटण दाबल्यावर बॅटरीतली वीज आधी पॉवर आयसी या चिपकडे जाते आणि तिथून हव्या त्या व्होल्टेजमध्ये सगळीकडे वाटली जाते. मग प्रोसेसर जागा होतो आणि बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम वाचतो. कंपनीचा स्थिर लोगो दिसतो तो याच टप्प्यावर. पुढे अँड्रॉइड उचलले जाते, लोगो हलू-चमकू लागतो आणि शेवटी लॉक स्क्रीन येते. म्हणून फोन कुठे अडतो ते नीट पाहावे. काहीच दिसत नाही, की लोगो येऊन विझतो, की लोगो हलतच राहतो, की काळ्या पडद्यावर ‘फास्टबूट’ किंवा ‘रिकव्हरी’ अशी अक्षरे येतात? लोगो दिसला याचा अर्थ डिस्प्ले जिवंत आहे आणि बोर्ड, म्हणजे फोनचे मुख्य सर्किट, पूर्ण मेलेला नाही. दुकानात हेच सांगितले तरी कारागिराचे निम्मे काम हलके होते.

पडदा पूर्ण काळा असेल तर आधी ठरवायचे, की फोन बंद आहे की फक्त डिस्प्ले गेला आहे. दुसऱ्या फोनवरून आपल्या नंबरवर कॉल करा. रिंग वाजली, थरथर जाणवली, तर फोन व्यवस्थित सुरू आहे. गेले आहे ते फोल्डर, म्हणजे डिस्प्ले आणि काच मिळून येणारा भाग, किंवा त्याची पट्टी बोर्डावरून सुटली आहे. फोन सायलेंटवर असण्याची शक्यता वाटत असेल तर तो वायरने कॉम्प्युटरला जोडा. कॉम्प्युटरने नवे उपकरण जोडल्याचा आवाज केला तर फोनमध्ये जीव आहे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘क्यूडीलोडर ९००८’ असे नाव दिसले, तर मात्र क्वालकॉमचा प्रोसेसर जागा आहे, पण त्याला बूटलोडर सापडत नाही असे समजावे. मीडियाटेकच्या फोनमध्ये ‘प्रीलोडर’ हे नाव सारखे येत-जात राहते. या दोन अवस्थांवर घरी इलाज नाही.

आता चार्जिंग. इथे घाई सगळ्यात जास्त नडते. पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे ४.४ व्होल्टची असते. ती ३.४ व्होल्टच्या आसपास उतरली की फोन स्वतःच बंद होतो. तसाच तो महिना-दोन महिने कपाटात पडून राहिला, तर बॅटरी ३ व्होल्टच्याही खाली जाते. इतक्या उतरलेल्या लिथियम बॅटरीत एकदम जोराचा करंट घातला तर ती आतून बिघडते, म्हणून चार्जिंग आयसी मुद्दाम अगदी बारीक धार सोडते. या काळात पडद्यावर बॅटरीचे चित्रसुद्धा येत नाही. लोक पाच मिनिटे वाट पाहतात, बटण दाबतात, काही होत नाही, पुन्हा दाबतात. प्रत्येक वेळी सुरू होण्याच्या प्रयत्नात फोन जेवढे साठले तेवढे खर्च करून पुन्हा आडवा होतो. फोन चार्जरला लावा आणि किमान अर्धा तास, खूप दिवस पडून असेल तर दोन तास, बटणाला हात लावू नका.

चार्जर आणि वायर दुसरे वापरून पाहा. दोन्ही टोके टाइप-सी असलेल्या वायरने काहीच होत नसेल तर जुन्या चौकोनी टोकाची वायर आणि साधा चार्जर लावा. कारण असे, की सी-टू-सी वायरीत पलीकडे फोन आहे ही खूण पटल्याशिवाय चार्जर वीज सोडतच नाही, आणि ती खूण पटवणारी पिन जॅकमध्ये मळली किंवा वाकली असेल तर चांगला फोनही मेल्यासारखा दिसतो. चौकोनी टोकाचा चार्जर अशी खूण विचारत नाही, ५ व्होल्ट थेट देतो. जॅकमध्ये टॉर्च मारून पाहा. खिशातला कापडाचा भुगा वायर घुसताना तळाशी दाबला जातो आणि त्याची घट्ट गादी होते. वायर पूर्ण आत बसत नसेल, हलवली की निसटत असेल, तर हेच कारण. फोन बंद ठेवून लाकडी टूथपिकने भुगा हलक्या हाताने बाहेर ओढावा. टाचणी, सुई, सेफ्टीपिन घालू नये. आतली पट्टी नाजूक असते आणि धातूने दोन पिना जोडल्या गेल्या तर शॉर्टिंग होते.

बॅटरी म्हातारी झाल्याची एक पक्की खूण आहे. फोन बंद पडण्याआधी ३०-४० टक्के दाखवत असतो, सुरू करायला जावे तर लोगोवर विझतो, पण चार्जर लावलेला असताना नीट सुरू होतो. सुरू होताना प्रोसेसर एकदम जास्त करंट ओढतो. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असल्याने तिचे व्होल्टेज त्या क्षणी कोसळते आणि फोनला वाटते की बॅटरी संपली. अशा फोनला सॉफ्टवेअर मारून काडीचा उपयोग नाही, नवी बॅटरी टाकावी. मागचे झाकण वर उचलले गेले असेल, डिस्प्ले एका बाजूने फुगला असेल, गोडसर रसायनासारखा वास येत असेल, तर बॅटरी फुगली आहे. ती दाबून झाकण बसवण्याचा प्रयत्न करू नये, चार्जर तर मुळीच लावू नये.

आपल्या शहराचा उन्हाळा हे यातले स्वतंत्र प्रकरण आहे. फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरण्यासाठी बनवला आहे असे ॲपल स्वतः सांगते, आणि लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये हा सर्वमान्य नियम आहे. मे महिन्यात वर्धा रोडवर दुचाकीच्या हँडलला नकाशा लावून ठेवलेला, किंवा बंद कारच्या डॅशबोर्डवर राहिलेला फोन या दोन्ही मर्यादा सहज ओलांडतो. मग तो स्वतःला बंद करतो, आणि गरम आहे तोवर सुरू होत नाही, चार्जिंगही घेत नाही. हा बिघाड नसून बचाव आहे. फोनचे कव्हर काढा, सावलीत फरशीवर ठेवा, वर पंखा असू द्या, अर्धा तास थांबा. कूलरच्या झोतासमोर ठेवू नका, ती हवा ओलसर असते. फ्रिजमध्ये तर अजिबात नको. तिथून बाहेर काढल्यावर आत दव धरते आणि नसलेला बिघाड तयार होतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या, दुपारी बंद खोलीत चार्जिंग होत नसेल तर रात्री लावून पाहा, मगच चार्जर बदलायचा विचार करा.

चार्जिंग आहे, फोन गार आहे, तरी पडदा काळाच असेल, तर फोर्स रीस्टार्ट करावा. यात काहीही पुसले जात नाही. सॅमसंगमध्ये व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर ही दोन बटणे सोबत दहा-पंधरा सेकंद धरावीत. शाओमी-रेडमीमध्ये नुसते पॉवर बटण तेवढाच वेळ, ओप्पो-रियलमीमध्ये पॉवर आणि व्हॉल्यूम अप, पिक्सेलमध्ये पॉवर बटण अर्धा मिनिट. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत क्रम महत्त्वाचा : व्हॉल्यूम अप दाबून लगेच सोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून लगेच सोडा, मग बाजूचे बटण ॲपलचे चिन्ह येईपर्यंत धरून ठेवा. मध्ये ‘स्लाइड टू पॉवर ऑफ’ आले तरी बोट उचलायचे नाही. बरेच जण तिथेच सोडतात आणि ‘करून पाहिलं, झालं नाही’ म्हणतात.

लोगोवर अडकलेला फोन हा सगळ्यात जास्त गैरसमजाचा विषय आहे, कारण इथेच रीसेटचा, म्हणजे सगळे पुसून फोन कोरा करण्याचा, सल्ला पटकन दिला जातो. आधी कव्हर काढा. घट्ट कव्हर, घाम आणि धूळ यांमुळे बाजूचे बटण दाबलेलेच राहते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पॉवर बटण अडकले असेल तर फोन लोगो दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. व्हॉल्यूम डाउन अडकले असेल तर कित्येक फोन दर वेळी फास्टबूटमध्ये किंवा सेफ मोडमध्ये जातात, व्हॉल्यूम अप अडकले असेल तर रिकव्हरीमध्ये. तिन्ही बटणे एकेक करून दाबून पाहा; ‘टिक्’ असा आवाज आणि उसळी जाणवली पाहिजे. ऑन-ऑफची पट्टी बदलणे हे छोटे काम आहे. त्यासाठी अख्ख्या फोनचा डेटा घालवणे हा अन्याय आहे, आणि तो रोज होतो.

मग सिम आणि मेमरी कार्डचा ट्रे बाहेर काढून फोन सुरू करून पाहा. खराब मेमरी कार्ड वाचण्याच्या नादात फोन लोगोवर ताटकळतो. लोगो हलू लागत असेल, म्हणजे अँड्रॉइड उचलले जात असेल, तर सेफ मोड साधतो का पाहा : स्थिर लोगो जाऊन हलता लोगो आला की व्हॉल्यूम डाउन धरून ठेवा. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲप्स बंद राहतात. फोन असा सुरू झाला तर दोष एखाद्या ॲपचा आहे; अलीकडे टाकलेले, विशेषतः व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा चलान म्हणून आलेल्या एपीके फाइलमधून बसलेले ॲप काढून टाका. त्याच वेळी स्टोरेज पाहा. मेमरी काठोकाठ भरलेली असेल तर सुरू होताना लागणाऱ्या तात्पुरत्या फाइलींना जागाच उरत नाही, आणि मोठ्या अपडेटनंतर फोन अडकतो. चार-पाच जीबी तरी नेहमी मोकळी असू द्यावी.

यानेही झाले नाही तर रिकव्हरी मेनू. शाओमीमध्ये फोन बंद करून व्हॉल्यूम अप आणि पॉवर सोबत धरावे. सॅमसंगमध्येही तेच, पण अँड्रॉइड ११ नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत फोन वायरने कॉम्प्युटरला जोडलेला असल्याशिवाय हा मेनू उघडत नाही. पिक्सेल-मोटोरोलामध्ये व्हॉल्यूम डाउन आणि पॉवर धरून आधी बूटलोडर येतो, तिथून रिकव्हरी निवडावी लागते. आडव्या पडलेल्या अँड्रॉइडच्या चित्राखाली ‘नो कमांड’ दिसले तर घाबरू नका. पॉवर धरून व्हॉल्यूम अप एकदा टिचकावले की मेनू येतो. व्हॉल्यूमने खाली-वर जायचे, पॉवरने निवडायचे. पहिल्यांदा ‘रीबूट सिस्टिम नाऊ’. नंतर ‘वाइप कॅश पार्टिशन’ ही ओळ असेल तर ती. याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात. नव्या सॅमसंगमध्ये ‘रिपेअर ॲप्स’ही मिळते, तेही निर्धोक आहे. सावध राहायचे ते ‘वाइप डेटा’ या ओळीपासून. सॅमसंगच्या मेनूत ती कॅशच्या ओळीला लागूनच असते. काही फोनमध्ये अँड्रॉइड उघडता येत नाही, डेटा खराब झाला असावा, असा इंग्रजी मजकूर आणि खाली दोनच पर्याय येतात. तिथे ‘ट्राय अगेन’ दोन-चारदा करून पाहा. दुसरा पर्याय रीसेटचा आहे.

आयफोन ॲपलच्या चिन्हावर अडकला असेल तर तो कॉम्प्युटरला जोडून वर सांगितलेल्या फोर्स रीस्टार्टच्याच क्रमाने बटणे दाबा आणि चिन्हावर न सोडता वायर व कॉम्प्युटरचे चित्र येईपर्यंत धरून ठेवा. कॉम्प्युटर ‘अपडेट’ आणि ‘रीस्टोर’ असे दोन पर्याय देतो. अपडेटमध्ये डेटा राहतो, रीस्टोरमध्ये जातो. फाइल उतरायला १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर आयफोन त्या अवस्थेतून आपोआप बाहेर पडतो. तो बिघडला असे समजू नये. डाउनलोड पूर्ण होऊ द्यावे आणि बटणांचा क्रम पुन्हा करावा.

सॉफ्टवेअर खरेच खराब झाले आहे असे निघाले, तरीही डेटा पुसणे दर वेळी अपरिहार्य नसते. सॅमसंगच्या फर्मवेअरसोबत, म्हणजे कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरसोबत, ‘सीएससी’ आणि ‘होम सीएससी’ अशा दोन फाइली येतात. पहिली टाकली तर फोन कोरा होतो, दुसरी टाकली तर डेटा सहसा राहतो. शाओमीमध्ये सॉफ्टवेअर मारताना ‘क्लीन ऑल’ आणि ‘सेव्ह यूजर डेटा’ असे वेगळे पर्याय असतात. कारागिराला हे माहीत असते. गिऱ्हाइकाने विचारले नाही की वेळ वाचवण्यासाठी सरळ कोरा करण्याचा मार्ग घेतला जातो. फाइल मात्र त्याच मॉडेलची आणि आहे त्याच किंवा नव्या व्हर्जनची हवी. जुनी टाकली तर जुने व्हर्जन नाकारणाऱ्या ‘अँटी-रोलबॅक’च्या कुलपामुळे चालता फोन पूर्ण डेड होऊ शकतो.

एकदा रीसेट झाल्यावर ‘रिकव्हरी सॉफ्टवेअरने फोटो काढून देतो’ असे कुणी म्हणाले तर पैसे देऊ नका. आजच्या अँड्रॉइड आणि आयफोनमधला डेटा कुलूपबंद करून साठवलेला असतो, आणि रीसेट म्हणजे त्या कुलपाची किल्लीच नष्ट करणे. चिप काढून दुसरीकडे वाचली तरी हाती लागते ती अर्थहीन अक्षरे. ‘बूटलोडर अनलॉक करून डेटा काढतो’ हेही खोटे, कारण अनलॉक करतानाच फोन स्वतःला पुसतो. याउलट, रीसेट न झालेल्या मृत फोनचा बोर्ड तात्पुरता जरी जिवंत करता आला, तर पिन टाकून सगळा डेटा मिळतो. म्हणून ‘फोन नको, डेटा हवा’ असे असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. काम वेगळ्या पद्धतीने करावे लागते.

फोन दुकानात देण्याआधी सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला, ओटीपी त्यावर येईल. त्या फोनवर आपल्या जीमेलने गूगल फोटोज आणि गूगल कॉन्टॅक्ट्स उघडून काय काय सुरक्षित आहे ते डोळ्यांनी पाहा. व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर लावलेला नसेल, तर तो फक्त फोनच्या पोटात असतो आणि रीसेटमध्ये जातो. यूपीआयबद्दल घाबरू नका : पैसे बँकेत असतात, फोनमध्ये नाही, त्याच नंबरवर ॲप पुन्हा नोंदवले की झाले. डिजिलॉकरमधली कागदपत्रेही कुठे जात नाहीत. जीमेलचा पासवर्ड आठवतो का, हे आत्ताच तपासा. रिकव्हरीतून रीसेट केलेला अँड्रॉइड फोन सुरू होताना जुनेच खाते मागतो, आणि ते देता आले नाही तर दुरुस्त फोनही बंद राहतो. पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रीसेट २४ तास लांबवावा, असे गूगलचेच सांगणे आहे.

जुन्या, कमी किमतीच्या फोनमध्ये एक विचित्र प्रकार दिसतो. रीसेट ‘पूर्ण झाले’ असे येते, पण फोन सुरू झाला की जुनेच वॉलपेपर, जुनीच ॲप्स, आणि थोड्या वेळाने पुन्हा रीस्टार्ट. ही ईएमएमसी, म्हणजे साठवणीची चिप, झिजल्याची खूण आहे. ती लिहिणे बंद करते, फक्त वाचू देते. असा फोन चार-दोन मिनिटे सुरू राहत असेल तर तेवढ्यात महत्त्वाचे फोटो पाठवून घ्या.

पाण्यात भिजलेल्या फोनची गोष्ट उलटी आहे. तिथे घरचे प्रयोगच नडतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, तसे गढूळ पाणी फोनमध्ये गेले तर नुसते वाळवून भागत नाही. पाणी उडून जाते, पण क्षार आणि गाळ पिनांच्या मधे राहतो, आणि वीज लागताच तांब्याची झीज सुरू होते. बटण दाबू नका, चार्जर लावू नका, ट्रे काढून ठेवा आणि त्याच दिवशी फोन उघडून बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन घ्या. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने बोर्डावरचे पाणी ओढले जात नाही, जॅकमध्ये पीठ तेवढे जाते. फोन वॉटरप्रूफ असल्याची खात्री बाळगू नका. तो एकदा पडला किंवा उघडला गेला की रबराची सील पहिल्यासारखी राहत नाही.

आमच्या व्यवसायबंधूंना एक विनंती आहे. फोन घेताना पावतीवर आयएमईआय, म्हणजे त्या फोनच्या स्वतंत्र ओळख क्रमांकाखाली, तीन ओळी लिहाव्यात : फोन कोणत्या टप्प्यावर अडतो, डेटा हवा की नको, आणि गिऱ्हाइकाला फोन करून होकार घेतल्याशिवाय रीसेट करणार नाही. आयएमईआय बहुतेक फोनच्या खोक्यावर आणि काहींच्या सिम ट्रेवर छापलेला असतो. गिऱ्हाइकांनी अशी पावती मागूनच घ्यावी. न विचारता डेटा पुसला गेला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवताना तीच पावती कामी येते.

आपले,
मोबाइल दुरुस्ती करणारे काही कारागीर,
सीताबर्डी, नागपूर